शेंदुरजना कोणते?



या सदरातून इतरांच्या चुकांविषयी पुष्कळ लिहून झाले. आज स्वतःच्या दुकानातील एक चूक सांगतो. विषय आहे संगणकात नोंदी भरण्यासाठी फॉर्म कसा आखावा हा. परंतु ती चूक सांगितल्यावाचून त्यातील एकही गोष्ट का करावयाची हे नीट कळणार नाही.

मानोऱ्यात आमचे बी-बियाणे, खते आणि किराणा असे जुने दुकान आहे. मृगात बियाणे उधारीवर जाते, सोयाबीन घरात आले की दसरा-दिवाळीच्या सुमारास पैसे परत येतात, काहींचे तुरीपर्यंत लांबतात. ही रीत आपल्या बहुतेक घरांतून चालत आलेली आहे. आमच्या काकाजींची दृष्टी मंदावली तेव्हा त्यांनी खतावणीच्या वह्या माझ्या स्वाधीन केल्या. आमच्या पुतण्याने दिवाळीच्या सुट्टीत बसून चार वर्षांची उधारी संगणकातील एका तक्त्यात उतरविली. नाव, गाव, तारीख, रक्कम असे चार स्तंभ. काम सुबक दिसले. मी त्याची पाठ थोपटली आणि वह्या माळ्यावर ठेवल्या.

पुढील जूनमध्ये शेंदुरजन्याचे एक जुने गिऱ्हाईक बियाण्यासाठी आले. मी संगणकात पाहिले, मागील बाकी ७,८५० रुपये. ते म्हणाले, दिवाळीतच भरले. दुकानात चार-पाच माणसे उभी होती. मी पडदा त्यांच्याकडे वळविला. त्यांनी थोडा वेळ पाहिले, काही बोलले नाहीत, आठ दिवसांनी येऊन ७,८५० रुपये भरून गेले.

श्रावणात माळा झाडताना ती वही हाती आली. पैसे जमा होतेच, काकाजींच्या अक्षरात, तारखेसह. आपल्याकडे शेंदुरजना एक नाही. आमच्या तालुक्यात शेंदुरजना आढाव आहे, शेजारच्या मंगरूळपीर तालुक्यात शेंदुरजना मोरे आहे. अमरावती जिल्ह्यात गेलात तर वरूडकडे शेंदुरजना घाट आणि तिवसा तालुक्यात शेंदुरजना बाजार. दोन्ही जवळच्या शेंदुरजन्यांत आमचे एकाच नावाचे, एकाच आडनावाचे दोन खातेदार होते. पुतण्याने दोघांपुढे नुसते ‘शेंदुरजना’ लिहिले आणि एकाची जमा दुसऱ्याच्या नावावर गेली.

क्षमावाणीला अजून अवकाश होता. तोवर थांबण्याचे धैर्य मला झाले नाही. दुसऱ्याच दिवशी पैसे घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्यांनी नोटा मोजून घेतल्या आणि म्हणाले, “शेटजी, मले वाटलं मीच इसरलो असीन.”

दुसऱ्या गृहस्थांची बाकी तेवढ्याने कमी दिसत होती. त्यांना वही दाखविली, त्यांनी मान्य केले आणि दिवाळीत भरले. व्यवहार तेथे मिटला. कूटलेखक्रिया हा सत्याणुव्रताचा अतिचार आपण सर्वांनी पाठशाळेत शिकलेला आहे. त्यात बुद्धिपुरस्सर खोटे लिहिणे असते, माझ्या हातून तसे काही घडले नाही, असे मी मनाला समजावून पाहिले. परंतु ज्या माणसाने पडद्याकडे पाहून स्वतःच्या स्मरणावरील विश्वास सोडला आणि पैसे दुसऱ्यांदा भरले, त्याला माझ्या हेतूशी काय कर्तव्य?

पुतण्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. वहीत जे होते ते सारे त्याने उतरविले, एक गोष्ट तेवढी सोडली. काकाजींच्या रोजमेळात प्रत्येक नोंदीपुढे एक बारीक आकडा असे. तो खतावणीतील खाते पानाचा आकडा. काकाजी माणसाला नावाने ओळखत, परंतु खात्याला पानाने ओळखत. एकाच नावाचे दोघे असोत की दहा असोत, एकाचे पान ४१ आणि दुसऱ्याचे ११६ असले की प्रश्न संपला. पुतण्याला तो आकडा निरर्थक वाटला, कारण संगणकात पाने नसतात. आज संगणकशास्त्रात ज्याला प्राथमिक कळ म्हणतात, म्हणजे एका नोंदीला एक आणि एकच ओळख-क्रमांक, तो आमच्या वहीत होताच. आम्ही संगणक आणला आणि तोच टाकून दिला.

वहीकडे पुन्हा एकदा नीट पाहण्यासारखे आहे. कोऱ्या लांबट पानाला घड्या घालून सळ पाडीत. बहुधा आठ, चार जमेकडील आणि चार नावेकडील. प्रत्येक बाजूचा पहिला सळ तो सिरा, उरलेले तीन पेटा. रक्कम सिऱ्यात, तपशील पेट्यात. शाईची एक रेघ न ओढता, केवळ कागदाच्या घडीने लिहिणाऱ्याच्या हाताला शिस्त लागत असे. रक्कम भलत्या जागी लिहिली की ती लगेच डोळ्यांत खुपे. फॉर्म म्हणजे याहून निराळे काही नव्हे. माहिती ज्या तक्त्यात साठते तो तक्ता निराळा, आणि भरणाऱ्यासमोर जी चौकट येते ती निराळी. चौकटीने चूक करू देऊ नये, किंवा केलीच तर ती खुपावी, एवढ्यासाठी तिची आखणी.

आता साधने. मायक्रोसॉफ्टचे ॲक्सेस १९९२ पासून आहे आणि ज्यांच्या संगणकात ते आहे त्यांनी खुशाल वापरावे. ज्यांच्याकडे नाही त्यांना लिबरऑफिस या मोफत संचातील बेस हा भाग पुरेसा होतो. त्यासाठी संगणकात जावा बसविलेले असावे लागते. मी बेसवरच शिकलो, म्हणून पुढील वर्णन त्याचे आहे. टॅली असताना हा खटाटोप कशाला, असे काही वाचक विचारतील. वस्तू व सेवा कराचा हिशेब टॅलीतच राहू द्यावा. परंतु आपल्या उधारीत गाव, बापाचे नाव, मध्यस्थ कोण, पैसे कोणत्या पिकावर देण्याचे ठरले, अशा गोष्टी असतात आणि त्यांना स्वतःची जागा हवी.

प्रथम फॉर्म करावयास बसू नये. ही चूक मी केली आणि दोन रविवार वाया घालविले. आधी तक्ते ठरवावेत. आमच्याकडे अखेर तीन तक्ते झाले. एक गावांचा: क्रमांक, गावाचे पूर्ण नाव, तालुका, जिल्हा. दुसरा खातेदारांचा: खाते क्रमांक, नाव, वडिलांचे अथवा पतीचे नाव, आडनाव, गावाचा क्रमांक, भ्रमणध्वनी आणि जुने खाते पान. तिसरा व्यवहारांचा: तारीख, खाते क्रमांक, नावे की जमा, रक्कम, तपशील, आणि नोंद कोणी केली. पहिले दोन तक्ते खतावणीच्या मथळ्यासारखे, तिसरा रोजमेळासारखा. माणसाचे नाव एकदाच, एकाच ठिकाणी लिहिले जाते. व्यवहाराच्या तक्त्यात नुसता खाते क्रमांक जातो. १९७० साली एडगर कॉड या गणितज्ञाने आय.बी.एम.मध्ये असताना ही विचारसरणी शास्त्रशुद्ध रीतीने मांडली. काकाजींना ते नाव ठाऊक नव्हते, परंतु रोजमेळात नावापुढे पानाचा आकडा लिहिण्याचे मर्म त्यांना ठाऊक होते.

तक्ते करताना खाते क्रमांक संगणकानेच आपोआप द्यावा अशी योजना करावी; तो हाताने टाकू नये. रकमेसाठी दोन दशांशांचा दशमान प्रकार निवडावा. भ्रमणध्वनी मात्र अक्षरांच्या प्रकारात ठेवावा, जरी तो दिसावयास आकडा असला तरी. ज्याची बेरीज-वजाबाकी आपण कधी करणार नाही, तो हिशेबाचा आकडा नव्हे. वस्तू व सेवा कराचा १५ अक्षरी क्रमांकही असाच. त्यातील पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७, आणि पुढील दहा अक्षरे म्हणजे त्या व्यापाऱ्याचा पॅन. ठोक व्यापाऱ्यांची खाती असतील तर या रकान्यास १५ अक्षरांचे बंधन घालता येते. आमच्या शेतकरी खातेदारांना असा क्रमांक नसतोच. म्हणून तो रकाना अनिवार्य ठेवू नये. पुतण्याने पहिल्या उत्साहात सर्वच रकाने अनिवार्य केले होते. परिणाम असा झाला की आमचा नोकर अडले की तेथे ‘०००’ भरून मोकळा होई. सक्ती नेमकी तेथे करावी जेथे माहिती असतेच आणि तिच्यावाचून भागत नाही. आमच्या मते अशा गोष्टी चार: नाव, गाव, तारीख, रक्कम. वडिलांचे नाव पाचवे असावे की नाही यावर घरात अजून एकमत नाही.

तिन्ही तक्त्यांतील नाते संगणकाला स्पष्ट सांगावे लागते. बेसमध्ये संबंध दाखविण्याचे एक पान असते. तेथे एका तक्त्यातील खाते क्रमांक धरून दुसऱ्यातील खाते क्रमांकावर नेऊन सोडला की दोघांमध्ये रेघ उमटते. या रेघेचा लाभ मोठा आहे. ज्याच्या नावावर एकही व्यवहार आहे ते खाते मग पुसता येत नाही, आणि जे खाते अस्तित्वातच नाही त्याच्या नावे व्यवहार लिहिता येत नाही.

त्यानंतर फॉर्म. विझार्ड नावाचा मार्गदर्शक बेसमध्ये असतो, तो एकेक प्रश्न विचारीत फॉर्म तयार करून देतो. वर खातेदाराचे रकाने घ्यावेत आणि खाली उपफॉर्म म्हणून त्याचे व्यवहार. वर माणूस बदलला की खाली आपोआप त्याचेच व्यवहार येतात. खतावणीचे पान उलटल्यासारखेच ते दिसते, आणि आमच्या काकाजींना संगणकातील हीच एक गोष्ट मनापासून आवडली.

मार्गदर्शकाच्या एका पायरीवर बहुतेक लोक न वाचता पुढे जातात. तेथे विचारलेले असते की हा फॉर्म केवळ नव्या नोंदी भरण्यासाठी आहे की जुन्याही दाखवावयाच्या. आणि दाखवावयाच्या असल्यास त्यांत बदल करण्यास, त्या पुसण्यास मनाई करावयाची काय. वहीत खाडाखोड करणे हे आपल्या घरांतून लांच्छन मानले जात असे. चूक झाली तर उलट नोंद करावी, मूळ ओळ तशीच राहू द्यावी, हा दंडक होता. संगणकात पुसलेल्याची खूण उरत नाही. म्हणून गल्ल्यावरील माणसासाठी मी निराळा फॉर्म केला, त्यात केवळ नवी नोंद करता येते. जुन्या नोंदी पाहण्याचा फॉर्म दुसरा, त्यात बदल करता येत नाही आणि पुसताही येत नाही. दुरुस्ती करावयाची तर उलट नोंद, तपशिलात कारणासह. हे बंधन मी स्वतःवरही घालून घेतले आहे. तक्ता थेट उघडून कोणीही काहीही बदलू शकतो हे खरे. परंतु दाराला कडी लावली की उघडताना निदान हात थांबतो.

आता गावाचा रकाना, कारण सारे दुखणे तेथून आले. विझार्ड तेथे लिहिण्याची साधी चौकट देतो आणि तिच्यात गावाचा क्रमांक दिसतो. त्या चौकटीवर उजवी कळ दाबून ती लिस्ट बॉक्समध्ये बदलता येते. मग भरणाऱ्याला दिसते गावाचे नाव आणि तक्त्यात जातो क्रमांक. आम्ही यादीत ‘शेंदुरजना आढाव, ता. मानोरा’ आणि ‘शेंदुरजना मोरे, ता. मंगरूळपीर’ असे पुरते लिहिले. उमरी आणि फुलउमरी शेजारी दिसल्या की हात आपोआप सावध होतो. कोंडोली, इंझोरी, कुपटा, गिरोली, पोहरादेवी, सारी गावे एकदाच बसून भरली. अर्धा दिवस लागला. कॉम्बो बॉक्स नावाचा दुसरा प्रकार आहे, त्यात निवडताही येते आणि नवे लिहिताही येते. सोयीचा वाटतो, पण गावासाठी तो वापरू नये. ज्या चौकटीत लिहिता येते तेथे आठ दिवसांत ‘शेंदूरजना’, ‘शेंदुर्जना’ आणि नुसता ‘शें.’ अशी तीन नवी गावे वसतात. नवे गाव आलेच तर ते गावांच्या फॉर्ममध्ये जाऊन, तालुक्यासह, मीच भरतो.

नावांच्या बाबतीत यादीचा उपाय चालत नाही, तेथे लिहावेच लागते. मराठी युनिकोडमध्ये लिहावे. जुन्या फॉन्टमधील मजकूर दुसऱ्या संगणकावर गेला की इंग्रजी अक्षरांचा चुरा दिसतो, याचा अनुभव ज्यांनी लग्नपत्रिका छापल्या आहेत त्यांना आहेच. तरीही राठोड की राठौड, गणपत की गणपतराव, हा घोळ राहतो. म्हणून नवे खाते उघडण्यापूर्वी आडनाव आणि गाव यांवरून शोध घ्यावा, आणि त्या गावातील सर्व खातेदार डोळ्यांखालून घालावेत. याला अर्धा मिनिट लागतो. बाजाराच्या दिवशी तो अर्धा मिनिट फार वाटतो, हेही कबूल करतो.

तारखेचे एक सांगितले पाहिजे. संगणकाची भाषा अमेरिकन इंग्रजी ठेवलेली असेल तर ३/४ म्हणजे मार्चची चार तारीख. आपल्याला अभिप्रेत असते एप्रिलची तीन. भाषा मराठी वा भारतीय इंग्रजी अशी बदलून घ्यावी, आणि तारीख दिसताना महिना अक्षरांत दिसेल असे करावे. ॲक्सेसमध्ये आजची तारीख आपोआप भरण्याची सोय सहज होते. रोजच्या विक्रीला ती उत्तम. परंतु जुनी वही उतरविताना ती काढून टाकावी, नाहीतर ज्या नोंदीत तारीख भरावयाची राहिली ती निमूटपणे आजची होऊन बसते आणि व्याजाचा हिशेब बिघडतो.

नावे आणि जमा यांच्यासाठी दोन रकाने करावेत की एक? आपल्या वहीत जमा डावीकडे आणि नावे उजवीकडे. इंग्रजी पद्धतीच्या हिशेबात नेमके उलट. वाणिज्य शाखेत शिकलेला मुलगा आणि वहीवर वाढलेले काकाजी एकाच फॉर्मवर बसले तर दोन रकान्यांत गोंधळ ठरलेला. आम्ही रक्कम एकच ठेवली आणि तिच्या अगोदर नावे किंवा जमा निवडण्याची यादी दिली. त्या यादीत अगोदरच काही निवडलेले ठेवले नाही, म्हणजे प्रत्येक वेळी माणसाला निवडावेच लागते. रकमेचा किमान आकडा शून्याच्या वर बांधला, म्हणजे उणे रक्कम लिहून कोणी युक्ती करू नये. टॅबची कळ दाबली की कर्सर कोणत्या क्रमाने फिरावा तेही ठरविता येते. तो क्रम तोंडी व्यवहाराच्या क्रमाने ठेवावा. गिऱ्हाईक आधी नाव सांगते, मग माल, मग पैशांचे बोलणे होते. फॉर्म आधी रक्कम विचारू लागला तर भरणारा वैतागतो आणि चिठ्ठीवर लिहून ठेवतो, आणि चिठ्ठी पुडीला जाते.

हे सर्व केल्यानंतरही एक प्रश्न उरतो. फॉर्म कितीही चोख असला तरी वहीतून संगणकात उतरविलेले बरोबर आहे हे कोण सांगणार? याचे उत्तर मला आपल्या महसूल खात्याकडून मिळाले. सातबारा आपण सर्वांनी पाहिलेला आहे. तो मुळात दोन फॉर्मचा जोड आहे: गाव नमुना ७ म्हणजे अधिकार अभिलेख, गाव नमुना १२ म्हणजे पिकांची नोंद. फेरफाराची नोंद गाव नमुना ६ मध्ये होते आणि तिचा क्रमांक सातवर येतो. सहामध्ये नोंद झाल्याशिवाय सातमध्ये नाव बदलत नाही. रोजमेळातून खतावणीत जाण्यासारखेच ते आहे. हे उतारे हस्तलिखितावरून संगणकात घेताना नावे चुकली, क्षेत्र चुकले, हिस्से गळाले. लेखनप्रमादाच्या दुरुस्तीसाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम १५५ आहे, आणि त्याखाली अर्ज करून हेलपाटे घातलेले शेतकरी आमच्या दुकानाच्या ओट्यावर बसून आपली कहाणी सांगत असतात. परंतु २०१७ साली खात्याने एक चांगली गोष्ट केली. गावोगावी चावडी वाचन झाले. संगणकातील सातबारा खातेदारांसमोर वाचून दाखवावयाचा आणि चूक असेल ती त्यांनी सांगावयाची. ज्याची नोंद त्याच्या कानावर घालणे, याहून चांगली तपासणी मला ठाऊक नाही. आम्ही ती उचलली. त्याविषयी शेवटी सांगतो.

आपल्यापैकी पुष्कळ जण मंदिराच्या किंवा ग्रंथभांडाराच्या समितीवर असतात, म्हणून थोडे विषयांतर. मानोऱ्याहून कारंजा जवळ आहे. तेथील बलात्कारगण, सेनगण आणि काष्ठासंघ या परंपरांच्या मंदिरांतील हस्तलिखिते प्रसिद्ध आहेत. रायबहादुर हिरालाल यांनी मध्यप्रांत आणि वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची १९२६ साली प्रसिद्ध केली, तीत कारंज्याच्या भांडारांतील ग्रंथांची नोंद आहे आणि त्यामुळे येथील अपभ्रंश ग्रंथांकडे विद्वानांचे लक्ष वळले. पुढे २००३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पांडुलिपी मिशननेही देशभरच्या हस्तलिखितांची माहिती ठरीव नमुन्यांवर गोळा केली. अशी सूची संगणकात करावयास बसाल तर ग्रंथ आणि प्रत यांचे तक्ते निराळे ठेवावेत. ग्रंथ एक, कर्ता एक; त्याच्या प्रती पाच, प्रत्येकीची पत्रसंख्या निराळी, लिपिकार निराळा, संवत निराळा. दोन्ही एकाच ओळीत कोंबले की कर्त्याचा काळ आणि प्रतीचा काळ एकमेकांत मिसळतात. बोलीच्या रकमांचेही तसेच: बोललेली रक्कम एका तक्त्यात, प्रत्यक्ष आलेली दुसऱ्यात. याविषयी अधिक बोलल्यास समितीत भांडणे होतील.

किती माहिती विचारावी यालाही मर्यादा असावी. आमच्या पहिल्या फॉर्ममध्ये आधार क्रमांकाचा रकाना होता. कशासाठी, असे काकाजींनी विचारले तेव्हा कोणाजवळच उत्तर नव्हते. तो काढला. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा देशात २०२३ साली झालाच आहे. परंतु कायदा नसता तरी गरज नसलेली दुसऱ्याची वस्तू आपल्या कपाटात कशाला?

बेस वापरणाऱ्यांसाठी एक इशारा. फॉर्ममध्ये नोंद साठविली म्हणजे काम झाले असे समजू नये. मूळ फाइलही साठवावी लागते. मध्येच वीज गेली तर त्या बैठकीतील नोंदी जाऊ शकतात. आमच्याकडे वीज केव्हा जाते हे सांगण्याची गरज नाही. दर दहा-बारा नोंदींनंतर फाइल साठवावी, संध्याकाळी तिची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी, आणि तो पेनड्राइव्ह दुकानात न ठेवता घरी न्यावा. दोन संगणकांवरून एकाच वेळी ही फाइल उघडून काम करण्याचा प्रयत्न करू नये. आणि वही? आम्ही ती बंद केलेली नाही. रोजमेळ हाताने लिहिला जातो, संध्याकाळी त्यावरून फॉर्म भरतो, आणि संगणकाने दिलेला क्रमांक वहीत त्या नोंदीपुढे बारीक अक्षरात लिहितो, काकाजी खाते पान लिहीत त्याच जागी.

या ज्येष्ठात, बियाण्याची गर्दी सुरू होण्यापूर्वी, आम्ही खातेदारांना एकेक करून बोलाविले आणि प्रत्येकाला त्याचे खाते वाचून दाखविले. वाचून झाले की सही किंवा अंगठा, आणि छापील प्रत त्यांच्या हाती. सुमारे तीन आठवडे लागले. सतरा खात्यांत चुका निघाल्या; त्यांतील अकरा नावांच्या, चार तारखांच्या, दोन रकमांच्या. रकमांच्या दोन्ही चुकांत येणे आम्हीच जास्त दाखविले होते.

शेंदुरजना आढावचे ते गृहस्थही आले. मी पडदा वळविला नाही, वाचून दाखविले. नाव, गाव, तालुका, मागील वर्षीचे व्यवहार, दोनदा आलेले ७,८५० आणि परत केलेले ७,८५०, बाकी शून्य. त्यांनी सावकाश ऐकले आणि वडिलांच्या नावातील एक अक्षर चुकल्याचे सांगितले. ते मी त्यांच्यासमोर दुरुस्त केले. मग म्हणाले, “आता त्या दुसऱ्या शेंदुरजन्यावाल्याचं वाचा बरं, माये पैसे त्याच्याच घरी जाऊन बसले होते.”

मी म्हटले, एकाचे खाते दुसऱ्याला वाचून दाखवीत नाही.

“मंग बरं हाय,” ते म्हणाले, आणि कागदाची घडी करून खिशात ठेवली.